एका दिवसात दिल्ली : पावणेएकवीस तासांतले साडेपाच तास

घराबाहेर २० तास ४५ मिनिटे आणि प्रत्यक्ष वास्तूंपाशी ५ तास ३० मिनिटे. मुंबईहून पहाटेच्या विमानाने दिल्ली गाठायची, प्रमुख स्थळे पाहायची आणि त्याच रात्री परतायचे, या बेताचा हिशेब केला की हे दोन आकडे हाती येतात. सुटी एकच दिवसाची असते, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असते, त्यामुळे मुक्काम जमत नाही. अशा अनेकांना हा बेत खुणावतो. तो शक्य आहे. मात्र बहुतेक जण बेत आखताना विमानाची वेळ पाहतात, आणि दिवस खरा खर्च होतो तो जमिनीवर.

दिवस जातो कुठे?

दादरहून पहाटे साडेतीनला निघालो असे धरू. त्या वेळी लोकल किंवा मेट्रो नसते, टॅक्सीच करावी लागते. विमान ६ वाजता सुटते, सव्वाआठला दिल्लीत उतरते. सोबत फक्त हातातली बॅग असेल, तर पावणेनऊला बाहेर पडता येते. परतीचे विमान रात्री साडेआठचे असेल, तर ७ वाजता विमानतळावर हजर असायला हवे. पावणेअकराला मुंबई, सव्वाबाराला घर.

या १,२४५ मिनिटांची विभागणी अशी :

- घर ते विमानतळ, तपासणी, प्रतीक्षा (दोन्ही शहरांत मिळून) : ३६० मिनिटे
- प्रत्यक्ष विमानप्रवास : २७० मिनिटे
- दिल्लीतला रस्ता : २२५ मिनिटे
- जेवण : ६० मिनिटे
- वास्तू पाहणे : ३३० मिनिटे

विमानप्रवासाला साडेचार तास लागतात, पण त्याच्या आगेमागे ६ तास जातात. पाहण्याच्या वाट्याला दिवसाचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. विमान अर्धा तास लवकर पोहोचावे, हे आपल्या हातात नसते. दिल्लीतला रस्ता अर्ध्या तासाने कमी केला, तर तेवढा वेळ थेट पाहण्याला मिळतो आणि हे आपल्या हातात असते.

किती ठिकाणे?

वरच्या हिशेबात चार ठिकाणे बसतात : कुतुबमिनार ९० मिनिटे, हुमायूनची कबर ९०, लाल किल्ला १२०, इंडिया गेट ३०. हा क्रम दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो आणि विमानतळाकडे परतताना इंडिया गेट गाठतो. उलटसुलट फिरलो, तर एकच रस्ता दोनदा कापावा लागतो.

यादीत आणखी तीन नावे घातली की काय होते? प्रत्येक नव्या थांब्याला वाहन शोधणे, रहदारी, सुरक्षा तपासणी आणि तिकिटाची रांग मिळून ४० मिनिटे धरली, तर १२० मिनिटे कमी होतात. ३३० ची २१० उरतात आणि ती सात ठिकाणांत वाटली की प्रत्येकी ३० मिनिटे. कुतुबच्या आवारात ७२.५ मीटर उंचीचा मिनार आहे, ७ मीटरहून थोडा उंच, शतकानुशतके जवळजवळ न गंजलेला लोखंडी स्तंभ आहे, दिल्लीतली पहिली मोठी मशीद आहे. अर्ध्या तासात त्यांपुढे उभे राहून छायाचित्र काढण्यापलीकडे काही होत नाही.

लाल किल्ल्याला दोन तास ठेवले, त्यालाही कारण आहे. शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात तो उभारला. त्यातला दिवाण-इ-खास मराठी माणसाने शांतपणे पाहावा असा आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेने दिल्ली घेतल्यावर याच दालनाचे चांदीचे छत काढून सैन्याच्या खर्चासाठी वितळवले होते. पानिपत त्यानंतर काही महिन्यांनी घडले. हुमायूनच्या कबरीपाशी काळ आणखी पुढे सरकतो : १५७० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या वास्तूच्या आवारातच १८५७ मध्ये बहादूरशाह जफर इंग्रजांच्या हाती लागला.

खर्च आणि कार्बन

पहाटेचे आणि रात्रीचे तिकीट मिळून माणशी १०,००० रुपये धरू. पाहण्याच्या साडेपाच तासांनी भागले, की तासाला सुमारे १,८२० रुपये पडतात. वास्तूंची प्रवेश तिकिटे त्यापुढे नगण्य : कुतुब आणि हुमायूनची कबर येथे भारतीय प्रौढांना प्रत्येकी ४० रुपये, १५ वर्षांखालील मुलांना मोफत.

आता एका रात्रीच्या मुक्कामाचे ३,००० रुपये वाढवू. दुसऱ्या दिवशी पाहायला आणखी ६ तास मिळाले, तर १३,००० रुपयांत साडेअकरा तास होतात. तासाला सुमारे १,१३० रुपये. एकूण खर्च ३० टक्के वाढला, पण पाहण्याचा वेळ दुपटीहून जास्त झाला.

कार्बनचेही तसेच. एअरबस ए-३२० जातीचे विमान तासाला साधारण अडीच टन इंधन जाळते. एक किलो इंधनातून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दोन तासांचे उड्डाण आणि १८० भरलेली आसने धरली, तर एका बाजूला माणशी ८८ किलो, दोन्ही बाजूंचे सुमारे १७५ किलो. दिल्लीत एक दिवस काढा की चार, हा आकडा तेवढाच राहतो.

राजधानीचा पर्याय

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचच्या सुमारास निघणारी राजधानी १,३८४ किलोमीटर कापून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला पोहोचते. परतीची गाडी त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते. शहरात आठ तासांहून थोडा जास्त वेळ मिळतो. विमानाच्या बेतात तो सव्वादहा तास आहे. स्थानकापासून लाल किल्ला जवळ, म्हणून रस्त्यावरचा वेळही वाचतो. एकूण ४० तास लागतात हे खरे, पण दोन्ही रात्री झोप होते. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी सकाळी परतता येत असेल, तर हा पर्याय आधी तपासावा.

निघण्यापूर्वी

सोमवार टाळावा, लाल किल्ला बंद असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत पहाटेच्या धुक्याने विमाने रखडतात. दोन तासांचा उशीर म्हणजे लाल किल्ल्याचा सगळा वेळ गेला. मे-जूनमध्ये दुपारचे ऊन उघड्या आवारात फिरू देत नाही. फेब्रुवारी आणि मार्च उत्तम. पहिले विमान पकडावे आणि परतीला शेवटचे टाळावे, म्हणजे ते रद्द झाले तरी त्याच रात्री दुसरे मिळण्याची शक्यता राहते.

एकच दिवस हाताशी असेल, तर जरूर जावे, चारपेक्षा जास्त नावे मात्र यादीत लिहू नयेत. सोबत आई-वडील असतील तर तीन पुरेत, कारण पहाटे साडेतीनला घरातून निघालेल्या माणसाचे पाय दुपारी चारनंतर साथ देत नाहीत. आणि एक रात्र काढता येत असेल, तर ती नक्की काढावी. या सगळ्या हिशेबात सर्वांत स्वस्त पडतात ते दुसऱ्या दिवशीचे सहा तास.