उडीपलीकडचं मार्सेय

मराठी माणसाला फ्रान्सचं हे बंदर ठाऊक असतं ते एका उडीमुळे. ८ जुलै १९१० च्या सकाळी ‘मोरिया’ बोटीच्या शौचकूपाच्या झरोक्यातून सावरकरांनी पाण्यात झेप घेतली, पोहत धक्का गाठला आणि ते धावत सुटले. फ्रेंच सागरी पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर इंग्रजांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आपल्या पाठ्यपुस्तकातलं शहर तिथेच संपतं. नावसुद्धा आपण ‘मार्सेलिस’ असं इंग्रजी वळणाचं शिकलो. तिथे गेल्यावर ‘मार्सेय’ म्हणावं.

गेल्यावर आणखी एक सांभाळावं. शहराच्या मधोमध जुनं बंदर आहे, सुंदर आहे, आणि तिथे उभं राहून ‘इथेच ती उडी’ म्हणत फोटो काढायचा मोह होतो. पण १९१० च्या आगबोटी या बंदरात येतच नव्हत्या. त्यांच्यासाठी उत्तरेला ला जोलिएतची नवी गोदी १८५३ मध्येच तयार झाली होती आणि पुढे तिचा विस्तार होत गेला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून विलायतेला निघालेले कित्येक प्रवासी मार्सेयला उतरून रेल्वेने पुढे जात; जिब्राल्टरचा वळसा वाचायचा. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस, हिंदी पलटणी इथेच उतरल्या. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही इथेच उतरले. आपल्या दृष्टीने मार्सेय म्हणजे युरोपचा उंबरा होता. उंबऱ्यावर कोणी फार वेळ थांबत नाही, आणि मार्सेय नीट न पाहण्याचं कारणही बहुधा तेच.

सुरुवात मात्र जुन्या बंदरापासूनच करावी. तीन बाजूंनी जमिनीने कवेत घेतलेली ही खाडी. सुमारे इ. स. पू. ६०० मध्ये आशिया मायनरमधल्या फोकाइया गावच्या ग्रीक दर्यावर्दींनी ती हेरली आणि ‘मसालिया’ वसवलं. फ्रान्समधलं हे सर्वांत जुनं शहर. १९६७ मध्ये बाजार संकुलासाठी खोदकाम काढलं, तर प्राचीन बंदराचा धक्का आणि तटबंदीच वर आली. आता तिथे बाग आहे, आणि एके काळी जिथे गलबतं लागत तिथे हिरवळ.

सकाळी लवकर धक्क्यावर गेलात तर मासळीबाजार भरलेला दिसेल. बाजार म्हणजे ओळीने लावलेली थोडीशी टेबलं, त्यांवर उथळ ट्रे, आणि त्यांत अजून शेपटी हलवणारे मासे. खडकाळ किनाऱ्यावरचे काटेरी, लालसर, दिसायला कुरूप मासे इथे मानाने मांडलेले असतात, कारण ‘बुयाबेस’ या इथल्या प्रसिद्ध कालवणाला तेच लागतात. मुळात हे न खपलेल्या मासळीचं कोळ्यांच्या घरचं जेवण. त्यात केशर पडलं, आधी रस्सा आणि मग मासे वेगळे वाढण्याचा थाट आला, आणि आता दोघांचं बिल पाहून पोट आपोआप भरतं.

शेजारीच वास्तुकार नॉर्मन फॉस्टरने २०१३ मध्ये उभारलेलं छत आहे. आठ बारीक खांब आणि त्यांवर आरशासारखं घासलेलं पोलादाचं एक सपाट पान, ४६ मीटर लांब आणि २२ मीटर रुंद. बस्स, एवढंच. पण मान वर केली की आपण उलटे चालताना दिसतो, बाजूची मासळीवाली बाई उलटी, तिच्या तराजूतला मासा उलटा, आणि कडेला बंदरातल्या डोलकाठ्या खाली लोंबणाऱ्या. पोरं जमिनीवर उताणी पडून हे बघतात. मोठी माणसं आधी इकडेतिकडे पाहतात, मग तीही पडतात. या शहरात गेल्या काही दशकांत जे नवं बांधलं गेलं, त्यात मला सर्वांत आवडलेलं काम हे.

बंदराच्या तोंडावर दोन किल्ले समोरासमोर आहेत, सें-झां आणि सें-निकोला. परचक्र अडवायला असतील असं वाटतं. पण सें-निकोला चौदाव्या लुईने १६६० नंतर बांधून घेतला तो मार्सेयवासीयांच्याच बंडखोरीला वचक बसावा म्हणून, आणि तोफांचा रोख शहराकडेही ठेवला. राजाला हे गाव कधीच पूर्ण आपलं वाटलं नाही आणि गावालाही राजा. सें-झांवरून एक अरुंद पूल हवेतून थेट ‘मुसेम’च्या गच्चीवर जातो. भूमध्य समुद्राभोवतीच्या संस्कृतींचं हे संग्रहालय २०१३ चं, वास्तुकार रुदी रिच्चोत्ती, जन्म अल्जीरियाचा. काचेच्या चौकोनी इमारतीभोवती काळपट काँक्रीटची जाळी आहे, दगडाची नव्हे तर लेसची वाटावी अशी. आतल्या प्रदर्शनांपेक्षा जाळी आणि काच यांच्यामधल्या उतरत्या वाटेवर जास्त वेळ घालवावा. उन्हाचे कवडसे अंगावर, पलीकडे समुद्र. तिकीट न काढताही तिथे फिरता येतं.

मागच्या टेकडीवर ले पानिए हा जुना मोहल्ला. चिंचोळे जिने, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, भिंतींवर चित्रं. टेकडीच्या पायथ्याकडची घरं मात्र एकसारखी आणि सरळ रेषेतली का, हा प्रश्न पडायला हवा. १९४३ च्या जानेवारीत जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने तिथली वीस हजारांहून अधिक माणसं घराबाहेर काढली आणि पुढच्या महिन्यात सुमारे दीड हजार इमारती सुरुंगांनी उडवल्या. त्या धरपकडीत सापडलेल्या शेकडो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवलं गेलं. धक्क्यावरचं सतराव्या शतकातलं नगरभवन मात्र वाचलं, ते आज दोन्हीकडच्या नव्या इमारतींत एकटं उभं आहे.

या बंदराने माल आणला तसं मरणही आणलं. १७२० मध्ये लेव्हांटहून, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून, ‘ग्रां सेंत-आंत्वान’ हे जहाज रेशीम आणि कापूस घेऊन आलं. वाटेत खलाशी प्लेगने मेले होते. पण जत्रेसाठी माल सोडवायची व्यापाऱ्यांना घाई होती, विलगीकरणाचे नियम वाकवले गेले, आणि नव्वद हजारांच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं दगावली.

असं शहर देवाला धरून राहणारच. दक्षिणेच्या सुमारे दीडशे मीटर उंच टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द सगळीकडून दिसतं. लोक तिला नुसतं ‘बॉन मेर’ म्हणतात, म्हणजे चांगली आई. १२१४ पासून इथे प्रार्थनास्थळ आहे. आजची पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची इमारत १८६४ ची. ती ज्याच्याकडे सोपवली तो एस्पेरांदिय तेव्हा पंचविशीचाही नव्हता, शिवाय प्रोटेस्टंट; कॅथलिक मंडळींनी कुरकुर केलीच. मनोऱ्यावर अकरा मीटर उंचीची, सोन्याचा मुलामा दिलेली मेरी बालयेशूला घेऊन उभी आहे. पण खरं पाहायचं ते आत. छतापासून दोऱ्यांनी छोटी छोटी जहाजं टांगलेली आहेत, शिडांची, वाफेची, आणि ती वाऱ्याच्या झुळकीने हळूच वळतात. भिंतींवर संगमरवरी फरश्या आणि वादळात सापडलेल्या बोटींची हौशी हातांनी काढलेली चित्रं. हे सगळं फेडलेल्या नवसांचं. कोणाचा मुलगा परतला, कोणाचं जहाज बुडता बुडता वाचलं. बाहेरच्या भिंतीवर गोळ्यांचे खड्डे आहेत, ते ऑगस्ट १९४४ च्या लढाईचे.

त्या मानाने ला माझोर हे कॅथेड्रल अवाढव्य आणि थंड वाटतं. त्याच्यासाठी बाराव्या शतकातलं जुनं देऊळ अर्धं पाडलं. उरलेला तुकडा शेजारी केविलवाणा उभा आहे, आणि मला तोच जास्त आवडला.

बसने शहराच्या दक्षिणेकडे गेलात तर वास्तुकार ल कॉर्बुझिएची ‘युनिते दाबितासियों’ आहे. १९४७ ते १९५२ या काळात बांधलेली १८ मजली वसाहत, ३३७ घरं, खाली जाड खांब, मध्यावर दुकानांचा रस्ता आणि गच्चीवर मुलांसाठी उथळ तलाव. युद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता म्हणून काँक्रीट उघडंच ठेवलं आणि त्यातून जगभर एक शैली निघाली. गावकऱ्यांनी नाव ठेवलं ‘खुळ्याचं घर’. २०१६ मध्ये युनेस्कोने कॉर्बुझिएच्या १७ कामांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात ही इमारत आणि आपलं चंडीगडचं कॅपिटल संकुल एकाच यादीत आहेत. चंडीगड सरकारी आहे. इथे मात्र गॅलरीत कुंड्या आहेत.

शेवटी शातो दिफ. पहिल्या फ्रान्सिस राजाने १५२४ पासून बेटावर बांधलेला किल्ला, पुढे तुरुंग. द्युमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मुळे गाजला, नायक काल्पनिक असूनही त्याची कोठडी दाखवतात. मला वेगळाच कैदी आठवला. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला एक गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून लिस्बनला निघाला. जर्मन चित्रकार ड्युररने न पाहताच जगप्रसिद्ध चित्र केलं ते याच गेंड्याचं. पोर्तुगालच्या राजाने तो पुढे पोपकडे रवाना केला. वाटेत १५१६ च्या आरंभी जहाज मार्सेयजवळच्या याच बेटापाशी थांबलं आणि फ्रान्सिस राजा मुद्दाम गेंडा बघायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्यावर ते जहाज वादळात बुडालं.

किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटी जुन्या बंदरातूनच सुटतात, वीसेक मिनिटांत पोचवतात. पण ‘मिस्त्राल’ हा उत्तरेचा वारा जोरात असला की फेऱ्या बंद. तेव्हा सकाळी आधी धक्क्यावरच्या डोलकाठ्यांकडे बघा, आणि मगच तिकीट काढा.