चित्रें पाहावीं आणि बोलावें

(नभोवाणीवरील भाषण)

"आम्हांला बुवा चित्रांतलें कांहीं कळत नाहीं," हें वाक्य सुशिक्षित घरांतून मीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें म्हणण्यांत थोडा अभिमानच असावा अशी शंका येते. गाण्याच्या बैठकीला जाणारा मनुष्य राग ओळखतां येत नाहीं म्हणून दारांतून परत फिरत नाहीं. नाटक पाहून आलेलें कुटुंब जेवतांना त्याची चर्चा केल्यावांचून राहत नाहीं. मग चित्रांच्याच वाट्याला हें मौन कां? तें मोडण्याचा एक साधा उपाय मला स्नेह्यांच्या संगतींत सांपडला. तो आज आपणांपुढें ठेवतों.

मुंबईकरांस प्रदर्शनांची वाण नाहीं. काळा घोडा येथील जहांगीर कलादालन १९५२ सालीं उघडलें. तेथें बहुधा मंगळवारीं नवीं प्रदर्शनें लागतात व पुढच्या सोमवारीं उतरतात. प्रवेशास पैसा पडत नाहीं, आणि पुष्कळ वेळां चित्रकार स्वतःच दालनांत भेटतो. आम्ही चौघे निवृत्त स्नेही महिन्यांतून एकदां तेथें जातों. पूर्वीं त्याच इमारतींत 'समोवार' नांवाचें उपाहारगृह होतें. चहाबरोबर तेथें चित्रांवर वाद रंगत. तें २०१५ सालीं बंद झालें. आतां आमचा वाद जवळच्या एका हॉटेलांत चालतो.

आमच्यांतील एक स्नेही रेल्वेच्या कचेरींत होते. त्यांना काचबिंदू आहे. ह्या विकारांत दृष्टीचें क्षेत्र बहुधा कडांकडून संकोचत जातें आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. चित्राचा मधला भाग त्यांना दिसतो, कडा हरवतात.

एका पावसाळ्यांत एका तरुण चित्रकाराचीं जलरंगांतील चित्रें लागलीं होतीं. त्यांपैकीं एकांत चाळीची गॅलरी, दोरीवर दोन चादरी, खालीं ओलें अंगण, एवढेंच होतें. बाकी कागद कोरा. मी जन्मभर वह्या तपासलेला माणूस! अभिप्रायाच्या वहींत "चित्र अपुरें वाटतें" असें लिहून मोकळा झालों.

चहाच्या वेळीं स्नेह्यांनीं विचारलें, "मास्तर, त्या चित्राची उजवी कड मला दिसली नाहीं. तिकडे काय आहे हो?"

"कांहीं नाहीं. पांढरें आहे."

"पांढरें म्हणजे? रंग लावला आहे कीं कागद तसाच ठेवला आहे? आणि तें पांढरें कोठें थांबतें?"

मला सांगतां येईना. दोन धड डोळे घेऊन मी त्या चित्रापुढें पांच मिनिटें उभा होतों, पण मीं तें पाहिलें नव्हतें.

आम्ही परत गेलों. चित्रकार तेथेंच होता. माझा अभिप्राय त्यानें वाचला होता, हें त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतें. तरी त्यानें शांतपणें समजावून सांगितलें. पारदर्शक जलरंगांत पांढरा रंग सहसा लावीत नाहींत; कागदाचाच पांढरेपणा राखतात. रंगाच्या पातळ थरांतून उजेड कागदापर्यंत पोंचतो आणि तेथून परत येतो, म्हणून तो रंग तेजाळ दिसतो. एकदां थर चढला कीं मूळचा शुभ्रपणा पुन्हां मिळणें कठीण. तैलरंगांत काळोखावर उजेड मागाहून चढवितां येतो. येथें मात्र रंग कोठें लावावयाचा नाहीं, हें आधींच ठरवावें लागतें. मीं ज्याला अपुरेपणा म्हटलें, तो त्या चित्रांतला सर्वांत जपून केलेला भाग होता. तें पाऊस उघडल्यानंतरचें ऊन होतें.

मीं वही मागून घेतली आणि पहिल्या ओळीखालीं लिहिलें, "वरील अभिप्राय घाईचा आहे. पाहणारा अपुरा पडला."

त्या दिवसापासून आम्हीं एक शिस्त पाळली आहे. पहिली फेरी ज्यानें त्यानें एकट्यानें आणि मुक्यानें करावयाची. कारण एकानें मोठ्यानें मत दिलें कीं बाकीचे त्याच्या डोळ्यांनीं पाहूं लागतात. चित्राजवळची चिठ्ठी शेवटीं वाचावयाची. मग एकत्र बसून, चित्र आवडलें कीं नाहीं हें न सांगतां, काय दिसलें तें सांगावयाचें. ज्याला मत द्यावयाचें असेल त्यानें चित्रांतली जागा दाखवावी.

हा प्रयोग घरीं छापील चित्रावरही करतां येतो. अमृता शेरगिल यांचें 'तीन मुली' हें १९३५ सालचें चित्र घ्या. १९३७ सालीं त्याला बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. कोणी म्हणेल, "मुली उदास आहेत." विचारावें, "कशावरून?" मग दिसूं लागतें कीं, तिघी अगदीं जवळ आहेत, पण कोणी कोणाकडे पाहत नाहीं, वस्त्रांचे रंग ठसठशीत, पण चेहरे मिटलेले. दुसरें कोणी म्हणेल, "उदास नव्हेत, वाट पाहत आहेत." दोघांचें एकमत होण्याची गरज नाहीं. दोघांनींही चित्राकडे पुन्हां पाहिलें, हाच लाभ.

ज्या चित्रांत ओळखीची वस्तु नसते तेथें "हें कशाचें?" म्हणून अडून बसूं नये. आलापाला आपण अर्थ विचारीत नाहीं. स्वर कोठें थांबला, कोठें वळला, हेंच ऐकतों. रंगाविषयींही तेंच विचारावें.

आमचे ते स्नेही आजही येतात. त्यांच्या दृष्टीचें वर्तुळ लहान होत चाललें आहे. चित्रांच्या कडा आम्हांला त्यांना सांगाव्या लागतात, आणि सांगावयाच्या म्हणून नीट पाहाव्या लागतात. कोणी कोणावर उपकार केला, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. आपणही सवडीच्या एखाद्या दिवशीं घरच्या माणसांस किंवा एखाद्या स्नेह्यास बरोबर घेऊन प्रदर्शनाला जावें, आणि परततांना एकमेकांस एवढेंच विचारावें, "तुम्हांला काय दिसलें?" इतकें सुचवून मी आपली रजा घेतों.