अपील केलं, पण बेलीफ थांबला का?

मी वकिली करतो आणि राहायला कसबा बावड्यात. आमच्या गावाच्या रस्त्यावरच जिल्ह्याचं न्यायसंकुल उभं आहे, त्यामुळे कोर्टाची कागदपत्रं पिशवीत घेऊन सकाळी घरीच येणारी माणसं मला नवी नाहीत. अशाच एका सकाळी बावड्यातले एक शिलाईकाम करणारे गृहस्थ धावतपळत आले. वयानं वडीलधारे, म्हणून आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. चाळीस वर्षं एका भाड्याच्या गाळ्यात त्यांची मशीन चालली. मालकानं, मुलाला दुकान काढून द्यायचंय म्हणून दावा लावला आणि निकाल मालकाच्या बाजूनं लागला.

"वकीलसाहेब, अपील टाकलंया की आपण! मग दारात बेलीफ कसा काय उभा?" काकांचा हा प्रश्न. आणि आजच्या बोलण्याचा विषयही तोच.

अपील दाखल झालं की खालच्या कोर्टाचा निकाल आपोआप गोठतो, असा समज आपल्याकडे फार खोलवर आहे. तो चुकीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ४१, नियम ५ मध्ये अगदी स्पष्ट म्हटलं आहे की, केवळ अपील केल्यानं हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. थांबवायची असेल तर स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टानं तो मंजूर करावा लागतो. काकांच्या आधीच्या वकिलांनी अपील वेळेत केलं होतं, स्थगितीचा अर्ज मात्र राहून गेला होता. तिकडे मालकानं दरखास्त दाखल केली आणि कब्जा वॉरंट निघालं. हुकूमनामा दोन वर्षांच्या आतला असेल तर दरखास्तीची वेगळी नोटीस देणं सहसा बंधनकारक नसतं. म्हणून काकांना कळलं ते थेट बेलीफ दारात आल्यावर.

आता हे सगळं क्रमानं पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ३४ प्रमाणे, मुंबईबाहेर, म्हणजे आपल्याकडे, दिवाणी न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. मुदत ३० दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. पण त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेत केलेला हवा. तेव्हा निकाल लागला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नकलेचा अर्ज टाकावा.

ही मुदत हुकली तर उशीर माफ करून मागता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्यातली मेख ठाऊक नसते. ऑर्डर ४१, नियम ३-अ सांगतो की, उशिरा केलेलं अपील ऐकायचं असं कोर्ट ठरवत नाही तोपर्यंत स्थगितीही देता येत नाही. म्हणजे माफीच्या अर्जावर तारखा पडत असताना बेलीफ येऊन जाऊ शकतो.

आणि अपील तयार होईपर्यंतचे दिवस? तेवढ्यासाठी ज्या कोर्टानं निकाल दिला त्याच कोर्टाकडे थोड्या दिवसांची स्थगिती मागता येते. अट एकच, अपिलाची मुदत संपायच्या आत हा अर्ज द्यायचा.

स्थगिती देताना कोर्ट तीन गोष्टी पाहतं. स्थगिती न दिल्यास अर्जदाराचं भरून न येणारं मोठं नुकसान होईल का, अर्ज विनाकारण उशिरा केलाय का, आणि पुढे अपील हरल्यास हुकूमनामा पाळण्याची हमी म्हणून तारण दिलंय का. हे तारण कधी रोख रकमेचं असतं, कधी जामीनकतब्याचं.

रकमेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक दचकतात ते इथंच. दिल्लीतल्या कॅनॉट सर्कसमधल्या एका जागेचं भाडं महिना ३७१ रुपये ९० पैसे होतं. जागा सोडण्याच्या आदेशावर अपील झालं, तेव्हा स्थगितीसाठी महिना १५ हजार रुपये भरण्याची अट घातली गेली. आत्मा राम प्रॉपर्टीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००४ मध्ये ही अट योग्य ठरवली. तर्क साधा आहे. एकदा जागा सोडण्याचा हुकूमनामा झाला की तिथं राहण्याचा मोबदला जुन्या भाड्यानं नाही, तर आजच्या बाजारभावाला धरून मोजता येतो. पुढे २००९ मध्ये सुपर मॅक्स खटल्यात भाडेकरू होतं खुद्द महाराष्ट्र सरकार. मुंबईतल्या जागेचं भाडं महिना पाच हजारांच्या आसपास, आणि स्थगितीसाठी ठरलेली रक्कम महिना ५ लाख ४० हजार! सर्वोच्च न्यायालयानं तीही कायम केली. मात्र ही रक्कम अवास्तव किंवा शिक्षा केल्यासारखी नसावी, असंही बजावलं. म्हणून आपल्या भागात तशाच गाळ्यांना प्रत्यक्षात काय भाडं पडतं, याचे कागद अर्जासोबत जोडावेत. नाहीतर मालक सांगेल तोच आकडा कोर्टापुढे राहतो.

काकांचं भाडं सहाशे रुपये होतं. त्याच दिवशी अर्ज केला, तात्पुरती स्थगिती मिळाली आणि पुढे महिना तीन हजार भरण्याच्या अटीवर ती कायम झाली. शिवाय जामीनकतबा. त्यावर त्यांच्या चुलतभावानं सही केली. सही करण्यापूर्वी मी त्यांना बसवून सांगितलं, "दादा, ही नुसती ओळख पटवायची सही नव्हे." संहितेच्या कलम १४५ प्रमाणे, जामीनदारानं जेवढी जबाबदारी घेतली तेवढ्यापुरती वसुली थेट त्याच्याकडून होऊ शकते. भावकीत भिडेपोटी सह्या होतात. कतबा वाचून, रक्कम बघून सही करावी.

दुसऱ्याच वर्षी दिवाळीच्या गडबडीत काकांचा एक हप्ता राहिला. अट मोडली की स्थगिती उठू शकते. आम्ही धावाधाव करून मुदतवाढ घेतली, म्हणून निभावलं.

मालकांसाठीही दोन गोष्टी. निकाल आपल्या बाजूनं लागला की वरच्या कोर्टात कॅव्हेट दाखल करावं. ते ९० दिवस टिकतं आणि आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळू नये, याची सोय होते. आणि अपील चालू असताना कब्जा घेतला, पण पुढे अपिलात निकाल फिरला, तर कलम १४४ प्रमाणे जागा परत द्यावी लागू शकते, हेही ध्यानात ठेवावं.

जिल्हा न्यायालयाचा निकाल लागला की तिथली स्थगिती संपते. भाडे कायद्यात दुसरं अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो, आणि स्थगिती तिथं नव्यानं मागावी लागते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे ती एस.टी.ची रात्र वाचली.

काका अपील हरले. मालकाच्या मुलाची गरज खरी होती, असंच जिल्हा न्यायालयालाही वाटलं. पण स्थगितीच्या त्या दोन वर्षांत त्यांनी पलीकडच्या गल्लीत छोटी खोली बघितली, गिऱ्हाइकांना नवा पत्ता सांगितला, आणि चार महिन्यांत जागा सोडतो असं हमीपत्र कोर्टात लिहून दिलं. असं हमीपत्र मोडलं तर कोर्टाचा अवमान होतो. काकांनी ते पाळलं. ठरलेल्या दिवशी मशीन हातगाडीवर घालून स्वतः किल्ली मालकाच्या हातात दिली. बेलीफ आलाच नाही.

श्रोतेहो, स्थगिती म्हणजे खटला जिंकणं नव्हे. ती पैसे मोजून घेतलेली मुदत आहे. ती वेळेवर मागावी, तिची अट पाळावी, आणि मिळालेले दिवस निकाल उलटा लागला तर काय करायचं, याच्या तयारीला लावावेत.