बत्तिशीतली कामवाटणी

मोठ्या माणसाच्या तोंडात 32 दात असतात, प्रकार मात्र चारच. समोरचे आठ पटाशीचे दात घास तोडतात. पेरूचा पहिला चावा त्यांचाच. त्यांच्या शेजारचे चार टोकदार सुळे पकडून फाडायला, म्हणजे ऊस सोलायला उपयोगी. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, त्यामुळे म्हातारपणी बहुधा तोच शेवटपर्यंत तग धरतो. मागे आठ उपदाढा आणि बारा दाढा. भाकरी-शेंगदाणे भरडण्याची खरी मेहनत यांची. बारांतल्या चार अक्कलदाढा साधारण 17 ते 25 या वयात येतात; काहींना येतच नाहीत, काहींच्या जबड्यात आडव्या अडकून छळतात.

दुधाचे दात 20. त्यांत उपदाढा नसतात. दुधाच्या आठ दाढा पडल्या की त्यांच्या जागी उपदाढा येतात.

गफलत होते सहाव्या वर्षाच्या सुमारास. पहिली कायमची दाढ कुठलाही दात न पडता, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे गुपचूप उगवते. घरचे तिला दुधाचीच समजतात आणि कीड दिसली तरी ‘पडेल की आपोआप’ म्हणून सोडून देतात. ही दाढ गेली की परत येत नाही. दातावरचं एनॅमल शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण त्यात जिवंत पेशी नसतात. किडलेला भाग पुन्हा भरून येत नाही. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर आज रात्री ब्रश करताना बॅटरीच्या उजेडात ती मागची दाढ जरूर पाहा.