घट्ट चेन, जाड ऑईल आणि ओढ्यात बंद पडलेली गाडी

होंडापासून वेगळं झाल्यावर ऑगस्ट 2011 मध्ये हिरोने लंडनमध्ये आपलं नवं बोधचिन्ह दाखवलं. त्याच कार्यक्रमात एक उंच, सडपातळ मोटरसायकलही होती, इम्पल्स. 149.2 सीसीचं इंजिन, पुढे एकोणीस इंची चाक, लांब खेळाचं सस्पेन्शन. होंडा ब्राझीलमध्ये विकत असलेल्या ब्रॉसवर ती बेतलेली होती. डांबरावर आणि कच्च्या वाटेवर सारखीच चालेल अशी परवडणारी गाडी तेव्हा आपल्याकडे दुसरी नव्हती. शहरात ती फारशी खपली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, पण ती जड आणि महाग.

अशा जुन्या गाडीला शोभणारे रस्ते मोखाडा-जव्हारकडे भरपूर आहेत. पोशेऱ्यासारख्या गावातून पाड्यावर जायचं तर डांबर संपतं, मग खडी, मग लाल चिखल आणि पावसाळ्यात मध्येच एखादा ओढा. सुटा भाग हवा असेल तर जव्हार गाठायचं, तिथे नसेल तर त्र्यंबक ओलांडून नाशिक. त्यामुळे बरीच कामं घरच्या अंगणातच होतात आणि ते चांगलंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या गाड्या खड्ड्यांनी जेवढ्या खराब होतात, त्याहून जास्त मालकाच्या मायेने होतात. जरा जास्त घट्ट, जरा जास्त जाड, जरा जास्त स्वच्छ, असं सगळं चालतं.

चेनचंच घ्या. "चेन ढिली म्हणजे धोका, ताणून ठेवलेली बरी," हे बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. साध्या बाईकवर ही चूक कशीबशी खपते, या गाडीवर नाही. मागचं चाक स्विंगआर्मवर वरखाली होतं, तसं पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या एक्सलचं अंतर बदलत राहतं. स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आले की ते अंतर सर्वांत जास्त असतं आणि चेन सर्वांत ताणलेली. गाडी स्टँडवर असते तेव्हा चाक लोंबकळत असतं, त्यामुळे चेन ढिली दिसते. तिथेच ती ताणली, की दोन माणसं आणि तांदळाचं पोतं घेऊन खड्ड्यात आपटल्यावर तिला जायला जागा उरत नाही. मग झिजतं ते गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग, आणि तिथे पोचायला इंजिन उघडावं लागतं. सस्पेन्शनचा खेळ जितका लांब, तितका हा फरक मोठा.

उपाय सोपा आहे. दोघांना सीटवर बसवा किंवा पट्ट्याने मागची बाजू खाली ओढा, तिन्ही बिंदू एका रेषेत आणा. चाक फिरवून चेनची सर्वांत घट्ट जागा शोधा आणि तिथे थोडा तरी खेळ उरतोय ना ते बघा. मग गाडी मोकळी करून स्टँडवर किती ढील दिसते ते मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा आणि भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी नुसती पट्टी पुरते. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसायची सवय मात्र आजच सोडा, तिने बोटं गेली आहेत. काढलेलं इंजिन ऑईल चेनला लावण्यातही शहाणपण नाही. त्यात धातूचा बारीक कीस असतो आणि धूळ त्याला चिकटून पॉलिशपेपरचं काम करते. चेन ओ-रिंगची असेल, जशी हिमालयनची असते, तर पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं. रॉकेल चालतं.

ओढ्याचं गणित तर मला वाटतं प्रत्येक मालकाला पाठ असावं. "पाण्यात बंद पडली? सेल्फ मार, निघेल." इथे इंजिन मरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इम्पल्सच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन नऊच्या आसपास आहे, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना वर उरणारी जागा फक्त 18-19 मिली. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाहून थोडी जास्त. एअर फिल्टरमधून एवढं पाणी आत गेलं आणि तुम्ही सेल्फ मारला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी कदाचित चालूही होईल, थोडी ठोकत राहील आणि महिन्या-दोन महिन्यांनी फुल काम निघेल.

म्हणून आधी गाडी बाहेर ढकला. चावी बंद ठेवा, प्लग काढा, मग किक मारा. प्लगच्या भोकातून पाणी उडतं, ते थांबेपर्यंत मारत राहा. एअर फिल्टरचा डबा रिकामा करा, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून फ्लोटच्या वाटीतलं पाणी काढा. ऑईल दुधट दिसलं तर बदला, थोडं चालवून परत बदला. ऑईल काळं पडलं म्हणून घाबरायचं कारण नाही, काजळी धरणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते चहासारख्या रंगाला. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कितीही उंच असो, थांबा.

घरी आल्यावर पंपाच्या जोरदार फवाऱ्याने चिखल काढायचा मोह होतो. तो फवारा चाकांच्या बेअरिंगचं सील आणि स्टिअरिंगचा कोनसेट ओलांडून आत जातो आणि ग्रीस धुऊन काढतो. बादली, मग आणि ब्रश पुरेसा आहे.

"इंजिन जुनं झालं, जाड ऑईल टाका." निर्मात्याने जो ग्रेड सांगितला तोच टाकावा. इम्पल्सला 10 डब्ल्यू 30, हिमालयन 411 ला 15 डब्ल्यू 50. जाड ऑईल थंडीत सकाळी वरच्या भागापर्यंत उशिरा पोचतं. झिजलेल्या रिंगा त्याने भरून येत नाहीत, फक्त धूर थोडे दिवस लपतो. कारचं उरलेलं ऑईल टाकणं त्याहून वाईट. या गाड्यांचा क्लच ऑईलमध्येच बुडलेला असतो, आणि कारच्या काही ऑईलमधली घर्षण कमी करणारी रसायनं त्याला घसरवतात. डब्यावर जासो एमए लिहिलंय का ते बघा.

टॅपेटबद्दलही तसंच. बारीक टिकटिक ऐकू आली की लोक ती बंद होईपर्यंत आवळतात. गरम व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकल्यावरच सोडतो. फटच उरली नाही, तर तो नीट टेकत नाही आणि जळतो, तोही आवाज न करता. इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेजने मापून सेटिंग करायचं. टिकटिकणारा टॅपेट परवडतो.

आता पेट्रोल. "वीस टक्के इथेनॉलने जुनी गाडी संपते" आणि "काही होत नाही" ही दोन्ही टोकं चूक आहेत. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या धर्तीच्या दुचाकींचं मायलेज 3 ते 4 टक्के घटेल असा अंदाज आहे. जास्त लक्ष द्यायचं ते रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरच्या पॅकिंगकडे, ती कडक होतात किंवा फुगतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मोखाड्याच्या पावसाळ्यात त्याला तोटा नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवा.

सुट्या भागांचं रडगाणं अर्धंच खरं. इम्पल्सचं इंजिन हिरोच्याच हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं, त्यामुळे आतले बरेच भाग मिळतात, पार्ट नंबर जुळवून घ्यावा लागतो इतकंच. अडतं ते प्लास्टिक आणि पुढच्या शॉकअपपाशी.

पहिल्या इम्पल्सना लवकरच पंधरा वर्षं होतील, आणि "आता भंगारात" असं सांगणारे भेटतातच. तो नियम दिल्ली परिसरातल्या पेट्रोल गाड्यांचा. महाराष्ट्रात खासगी दुचाकीची नोंदणी तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांनी वाढवता येते. अर्ज फॉर्म 25 वर, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत. तपासणीत हॉर्न, दिवे, इंडिकेटर बघतात, आणि 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते. ती बसवल्याशिवाय आरटीओची वारी करू नका.