छोट्या ट्रम्पेटचा मोठा गोतावळा

ट्रम्पेट हे वाद्य मराठवाड्यात बहुतेकांच्या कानावर पडते ते वरातीपुढच्या बँडमधून, आणि ‘फ्यूजन’ हा शब्द पडतो तो छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालाच्या प्रांगणात होणाऱ्या वेरूळ-अजिंठा महोत्सवासारख्या सोहळ्यांतून. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध ज्या मोजक्या कलावंतांच्या वादनात अगदी सहज दिसतो, त्यांत डॉन चेरी या अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादकाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९ ऑक्टोबर १९९५ रोजी स्पेनमधील मालागा येथे त्यांचे निधन झाले. पण त्यांच्या मैफिलींची जुनी ध्वनिमुद्रणे अजूनही नव्याने प्रकाशित होत असतात आणि जाणकार श्रोते ती धुंडाळून ऐकत असतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या चाहत्यांमध्ये सर्वांत ठळक नाव एका वादकाचेच आहे, आणि ते म्हणजे मुंबईत जन्मलेले, थोर ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, तालवादक त्रिलोक गुर्टू.

चेरी यांचा जन्म १९३६ साली ओक्लाहोमा सिटी येथे झाला, बालपण लॉस एंजेलिसमध्ये गेले आणि नाव झाले ते सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या चौकडीत वाजवताना. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आलेले संगीत असून त्यात एखादी मूळ धून घेऊन वादक तिचा उत्स्फूर्त विस्तार करत जातो. मात्र हा विस्तार साधारणपणे स्वरसंगतींच्या, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरगुच्छांच्या, ठरलेल्या क्रमावर बेतलेला असतो. कोलमन यांनी हा क्रमच बाजूला ठेवला आणि वादकाने केवळ धुनीच्या ओघाबरोबर जावे, अशी वाट धरली. नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये ही चौकडी वाजवू लागली तेव्हा शहरातील संगीतवर्तुळात उघड तट पडले. चेरी पुढे भारतीय संगीताकडे वळले याचे मूळ बरेचसे येथे सापडते, कारण रागसंगीतालाही स्वरसंगतींच्या क्रमाची गरज नसते. एक आधारस्वर, ठराविक स्वरसमूह आणि त्यातून फिरणारी एकच स्वररेषा एवढ्यावर ते उभे राहते. ज्या वादकाने स्वरसंगतींचा क्रम आधीच सोडला होता, त्याला तानपुऱ्याशेजारी बसताना काही विसरावे लागले नाही.

त्यांचे वाद्यही नेहमीचे नव्हते. ‘पॉकेट ट्रम्पेट’ दिसायला खेळण्यासारखा छोटा असला तरी त्याची नळी साध्या ट्रम्पेटइतकीच, म्हणजे सुमारे दीड मीटर लांब असते. ती फक्त अधिक घट्ट वळवलेली असते, त्यामुळे स्वराची उंची बदलत नाही, पण वाद्य हाताच्या ओंजळीत मावते. ट्रम्पेटमध्ये स्वर निर्माण होतो तो मुखनळीवर टेकवलेल्या ओठांच्या कंपनातून, आणि तीन दट्ट्यांनी हवेचा मार्ग कमीजास्त लांब करून वेगवेगळे स्वर काढले जातात. दट्टा अर्धाच दाबला किंवा ओठांचा ताण किंचित ढिला केला तर स्वर दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत घसरतो. हार्मोनियमला जी मींड कधीच साधत नाही ती या पितळी वाद्याला थोडीफार साधते ती याचमुळे. संभाजीनगरच्या जवळच, त्या काळच्या देवगिरीत, तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने बावीस श्रुती पटवून देण्यासाठी दोन वीणांचा प्रयोग सांगितला, हे येथे आठवावे. स्वरांच्या मधल्या जागा हा आपल्याकडे फार जुना आस्थेचा विषय आहे आणि चेरी यांच्या वादनात मराठी कान रमतो तो बहुधा त्याच जागांवर. त्यांच्या स्वराला झळाळी मात्र नव्हती. तो कधी चिरकतो, कधी वरच्या सप्तकात निसटतो, आणि ट्रम्पेटच्या कारागिरीला महत्त्व देणाऱ्या समीक्षकांनी त्यावर बोट ठेवले ते अगदीच निराधार नव्हते. चाहत्यांना हा दोष खटकत नाही, कारण स्वर चुकला तरी चेरी त्याला सावरायला थांबत नाहीत. त्या निसटलेल्या स्वरापासूनच पुढचे वाक्य सुरू करतात.

त्यांच्या मैफिलींचे खरे वैशिष्ट्य रचनेत होते. १९६० च्या दशकाच्या मध्यावर युरोपात आल्यानंतर त्यांनी स्वतःचा संच बांधला आणि स्वतंत्र तुकडे एकामागून एक वाजवण्याची रीत मोडून अनेक धुनी अखंड गुंफण्याची पद्धत रुजवली. १९६५ च्या अखेरीस मुद्रित झालेल्या ‘कम्प्लीट कम्युनियन’ मध्ये तिचे बांधेसूद रूप आहे, तर १९६६ मध्ये कोपनहेगनच्या काफे मॉन्मार्त्रमध्ये झालेल्या मैफिलींत तिचे मोकळे रूप ऐकू येते. चेरी लघुलहरींच्या रेडिओवर देशोदेशीचे संगीत ऐकत, त्यातली एखादी धून मनात ठेवत आणि वादन रंगात आलेले असताना पूर्वसूचना न देता ती ट्रम्पेटवर टाकत. सहवादकांनी ती ओळखून त्याच क्षणी तिच्याबरोबर वळायचे असे. वारकरी कीर्तनात बुवा निरूपण करता करता एखाद्या प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारतात आणि टाळकरी व मृदंगमणी तेवढ्यावरून पुढचे सगळे चरण उचलून धरतात, तशीच ही व्यवस्था होती. अशा वादनात ‘पाठ’ काहीच नसते, पण बेशिस्तही नसते, आणि म्हणून एकच रचना दोन ठिकाणी वाजवली तरी ती दोनदा वेगळी ऐकावी लागते. चेरी यांच्या मैफिलींची ध्वनिमुद्रणे जमवण्याचा छंद या कारणाने समजण्यासारखा आहे.

स्वीडनच्या दक्षिण भागातील टोगार्प येथे चेरी आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार व वस्त्रकलावंत मोकी चेरी, एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहू लागले आणि तेथून या वादनाला आणखी वेगळे वळण लागले. मोकी यांनी शिवलेले रंगीबेरंगी पडदे रंगमंचामागे टांगलेले असत, मुले आसपास वावरत, श्रोत्यांनाही गायला लावले जाई. त्याआधीच, नोव्हेंबर १९६८ मध्ये, बर्लिनला मुद्रित झालेल्या ‘इटर्नल ऱ्हिदम’ मध्ये इंडोनेशियातील गामेलान या वाद्यमेळातील धातूची वाद्ये युरोप-अमेरिकेच्या जॅझ वादकांनी हाताळली आहेत. पुढे चेरी यांनी सरोदवादक वसंत राय यांच्याकडे भारतीय संगीताचे शिक्षण घेतले. १९७५ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे त्यांनी टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराबरोबर मैफल केली, जे किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते. आणि १९७८ मध्ये पॅरिसला दिल्ली घराण्याचे तबलावादक उस्ताद लतीफ अहमद खाँ यांच्यासह ध्वनिमुद्रण केले.

१९७५ च्या ‘ब्राउन राइस’ या अल्बममधील एका दीर्घ रचनेचे नाव ‘मालकंस’ असे आहे, आणि चेरी यांची रीत जवळून पाहायची तर ती ऐकणे सर्वांत सोयीचे, कारण मराठी श्रोत्याला राग आधीच परिचित असतो. मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य, गांधार, धैवत, निषाद कोमल आणि मध्यम वादी. त्यामुळे तानपुराही पंचमाऐवजी मध्यमात मिळवतात. चेरी यांच्या रचनेत आरंभी मोकी यांचा तानपुरा घुमत राहतो आणि त्यावर चार्ली हेडन यांचा डबल बेस, म्हणजे उभा धरून वाजवायचा खर्जातला तंतुवाद्याचा मोठा प्रकार, बराच वेळ एकट्याने संथ फिरतो. हे आलापच आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल, पण घाई नसण्याचा गुण तोच आहे. नंतर बिली हिगिन्स यांचे ड्रम येतात, ट्रम्पेट येतो आणि वादन चालीने पुढे सरकते. मालकंसाचे शास्त्र ताडून पाहणाऱ्याला येथे बोट ठेवायला जागा मिळतील. तरीही रागाचे गांभीर्य ओळखणारा वादक ऐकतो आहोत अशी खूण पटते, कारण चेरी आपल्या वाक्यांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा सोडतात आणि त्या जागेत तानपुरा ऐकू येऊ देतात.

फ्यूजन म्हणून आज जे सर्रास सादर होते त्यात हीच गोष्ट हरवलेली असते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तबला आणि ड्रम यांची सवाल-जवाबाची चढाओढ, दर पाच मिनिटांनी तिहाई आणि टाळ्या, आणि शेवटी सर्व वादकांनी एकाच लयीत गाठलेला कळस, एवढ्यात दोन परंपरा भेटल्या असे मानण्याची सवय झाली आहे. भेट होते ती एकाने दुसऱ्याचे ऐकले तर. माइल्स डेव्हिस हे चेरींपेक्षा कितीतरी प्रसिद्ध ट्रम्पेटवादक, आणि त्यांनीही २९ सप्टेंबर १९७२ च्या न्यूयॉर्क येथील मैफलीत बादल रॉय यांचा तबला आणि खलील बालकृष्ण यांची विजेवर चालणारी सतार संचात घेतली होती. पण तेथे भारतीय वाद्ये विद्युत वाद्यांच्या घनदाट लयीत मिसळून जातात, त्यांचे स्वतःचे म्हणणे क्वचितच वर येते. ते संगीत जबरदस्त आहे आणि १ फेब्रुवारी १९७५ रोजी ओसाका येथे झालेल्या डेव्हिस यांच्या दोन मैफिलींचे चाहते आजही कमी नाहीत, परंतु त्याचे बळ एका माणसाच्या हुकमतीत आहे. चेरी यांची वृत्ती पाहुण्याची होती.

त्रिलोक गुर्टू यांचे त्यांच्याशी जुळले ते यामुळेच असावे. १९५१ साली जन्मलेल्या त्रिलोक यांच्या घरात गाणे दोन पिढ्यांचे होते: शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या भानुमती शिरोडकर, आणि त्यांच्या आई मेनकाबाई यांना जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांची तालीम मिळालेली. तबल्यावर वाढलेले त्रिलोक १९७० च्या दशकात युरोपात वाजवू लागले आणि त्या काळात चेरी यांच्याबरोबरही वाजवले. त्यांची वाजवण्याची मांडणी आगळीच आहे. पाश्चात्त्य ड्रमवादक खुर्चीवर बसून पायाने मोठा ढोल वाजवतो, तर त्रिलोक जमिनीलगत गुडघ्यावर बसून तबला, ड्रम आणि झांजा एकत्र हाताळतात आणि मध्येच एखादी थाळी पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा नाद वाकवतात. चेरी, सतार व तबला वाजवणारे अमेरिकन कॉलिन वॉलकॉट आणि ब्राझीलचे नाना वास्कॉन्सेलोस यांचा ‘कोडोना’ नावाचा त्रिकूटसंच १९७८ ते १९८२ या काळात तीन अल्बम देऊन गेला. १९८४ मध्ये वॉलकॉट यांचे अपघाती निधन झाले, आणि ते ज्या ‘ओरेगॉन’ या दुसऱ्या संचात होते त्यात त्यांची जागा पुढे त्रिलोक यांनी घेतली. १९८८ च्या ‘उस्फ्रेट’ या त्रिलोक यांच्या अल्बममध्ये शोभाताईंचा आवाज आणि चेरी यांचा ट्रम्पेट एकत्र आले. पूरब अंगाच्या ठुमरीवर घडलेला आवाज येथे सजावटीसाठी वापरलेला नाही. संचातील इतर वाद्यांनीच त्याच्या चालीशी जुळवून घेतले आहे.

ट्रम्पेटवर जीव टाकणारे श्रोते महाराष्ट्रात त्याआधीही होते, हे विसरता येत नाही. गोव्यातील हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत आणि त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ सारख्या चित्रपटातील गाण्यांना जो जॅझचा झोक आहे त्यामागे अशा गोवेकर वादकांचा हात होता. १९६७ मध्ये चिक चॉकलेट गेले. हॉटेलातल्या त्यांच्या मैफिली त्या त्या रात्रीबरोबरच संपल्या, आणि चित्रपटांत त्यांचा ट्रम्पेट गाण्याच्या मधल्या तुकड्यांपुरता उरला. चेरी यांच्या मैफिली मात्र युरोपच्या नभोवाणी केंद्रांनी मुद्रित करून ठेवल्या, आणि स्वीडनमध्ये १९६८ साली मुद्रित झालेली ‘समर हाउस सेशन्स’ २०२१ मध्ये प्रकाशित होऊ शकली.

२०१३ मध्ये त्रिलोक गुर्टू यांनी ‘स्पेलबाउंड’ हा अल्बम ट्रम्पेटवादकांना वाहिला. एका तालवादकाने फुंकवाद्याच्या वादकांना अशी मानवंदना द्यावी, हे जरा नवलाचेच. त्यात डिझी गिलेस्पी यांचे ‘मंतेका’ आहे, माइल्स डेव्हिस यांचे ‘ऑल ब्लूज’ आहे, चेरी यांची आठवण आहे, आणि वाजवणारे नॉर्वेचे निल्स पेटर मोलवेर, सार्डिनियाचे पाओलो फ्रेझू, लेबनॉनमध्ये जन्मलेले इब्राहिम मालूफ असे निरनिराळ्या मातीतले आहेत. मालूफ यांच्या ट्रम्पेटला चौथा दट्टा असतो; अरबी संगीतातील पाव स्वर काढता यावेत म्हणून तो त्यांच्या वडिलांनी योजला. चेरी जे ओठांच्या ताणावर जमवत, ते येथे यंत्रातच बसवलेले आहे, आणि त्यामुळे ते अधिक अचूक झाले असले तरी जरा सुरक्षितही झाले आहे.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्याने चेरी यांच्याकडे १९५९ पासून क्रमाने जाण्याची गरज नाही. ‘मालकंस’ आधी ऐकावे, मग ‘कोडोना’ चा पहिला अल्बम, त्यानंतर कोपनहेगनच्या मैफिली. आणि १९६९ मध्ये ड्रमवादक एड ब्लॅकवेल यांच्यासह केलेले ‘मू’ शेवटी ठेवावे, कारण तेथे दोघांखेरीज कोणी नाही, तानपुराही नाही, आणि कोणता स्वर आधाराचा धरायचा हे श्रोत्यालाच ठरवावे लागते.