लॅपटॉपवर चहा सांडला, पडदा काळा झाला : पुढे काय?

हिशेबाच्या वह्यांची जागा आता बहुतांशी लॅपटॉपने घेतली आहे. छोट्या व्यापाऱ्याची बिले, गृहनिर्माण संस्थेचा ताळेबंद, ज्येष्ठ ग्राहकांच्या ठेवींचे तपशील, असे सारे काही एका पातळ यंत्रात सामावलेले असते. नेमक्या मार्चअखेरीच्या धावपळीत कपाला धक्का लागतो, चहा कळफलकावर सांडतो आणि पडदा काळा होतो. यंत्र वाचणार की नाही, हे बरेचदा त्यानंतरच्या काही मिनिटांतील आपल्या कृतीवर अवलंबून असते. म्हणून हा विषय क्रमाने समजून घेऊ.

बिघाड का होतो?

खरे नुकसान होते ते द्रव आणि वीज एकत्र आल्यामुळे. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. चहात त्याखेरीज साखर आणि दूधही असते. असा द्रव मदरबोर्डवरील जवळजवळच्या जोडण्यांमध्ये शिरला की वीज नको त्या वाटेने वाहते व शॉर्ट सर्किट होते. शिवाय वीजप्रवाह चालू असेपर्यंत ओल्या धातूच्या जोडण्या वेगाने गंजतात. चहा वाळला तरी त्याचा चिकट थर मागे राहतो, हवेतील ओलावा शोषतो आणि गंज वाढतच जातो. म्हणूनच सांडल्यानंतर ठीक चाललेला लॅपटॉप काही दिवसांनी अचानक बंद पडू शकतो.

तातडीचे उपाय

प्रथम भिंतीवरील बटण बंद करावे व कोरड्या हाताने चार्जर काढावा. लॅपटॉपचे पॉवर बटण सुमारे १० सेकंद दाबून धरून यंत्र बंद करावे. पेन ड्राइव्ह, माउस, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन इत्यादी जोडलेल्या वस्तू काढून घ्याव्यात. बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी. नंतर कोरड्या सुती कापडाने द्रव टिपून घ्यावा आणि उघडा लॅपटॉप तंबूच्या आकारात पालथा ठेवावा, म्हणजे द्रव आत न झिरपता बाहेर येईल. बॅटरी फुगलेली किंवा तापलेली जाणवल्यास यंत्रापासून दूर व्हावे.

केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा मारू नये. तिने द्रव आणखी आत ढकलला जातो. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपायही व्यर्थ होय. तांदूळ आतील क्षार व साखर काढू शकत नाही. उलट त्याची भुकटी मात्र यंत्रात जाते. सर्वांत घातक मोह म्हणजे 'चालू होतो का, पाहू' हा! आतील बॅटरी जोडलेली असेल तर यंत्र बंद असतानाही मदरबोर्डच्या काही भागांना वीज मिळत असते. म्हणून शक्य तितक्या लवकर जाणकार तंत्रज्ञाकडून बॅटरी सोडवून, मदरबोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून घेणे श्रेयस्कर.

काळ्या पडद्याचे निदान

पुढील तपासणी यंत्र स्वच्छ व पूर्ण कोरडे झाल्यावरच करावी. दिवा नाही, पंख्याचा आवाजही नाही, तर वीजपुरवठ्याच्या भागात दोष संभवतो. दिवा लागतो, कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवाही बदलतो, पण पडदा काळाच, तर यंत्र बहुधा सुरू झालेले असते. अंधारात पडद्यावर विजेरीचा झोत तिरका टाकावा. पुसट चित्र दिसल्यास पडद्यामागील प्रकाशयोजनेत बिघाड आहे. नंतर एचडीएमआय केबलने दूरचित्रवाणी संच जोडावा. तेथे चित्र उमटले तर दोष पडदा, त्याची केबल किंवा जोडणी यांतच आहे असे बहुधा समजावे. माहितीची प्रत तत्काळ काढून घ्यावी. तेथेही चित्र नसेल तर रॅम अथवा मदरबोर्डची तपासणी आवश्यक ठरते.

माहितीचे काय?

यंत्र निकामी झाले म्हणजे माहिती गेलीच, असे नाही. अनेक लॅपटॉपमधील डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. मात्र काही यंत्रांत ती मदरबोर्डवरच पक्की बसविलेली असते. विंडोजमधील बिटलॉकर सुरू असेल तर डिस्क दुसरीकडे उघडताना ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आजच शोधून लॅपटॉपबाहेर सुरक्षित नोंदवून ठेवावी.

साध्या वॉरंटीत द्रवामुळे झालेले नुकसान सहसा समाविष्ट नसते. अपघाती नुकसानीचे स्वतंत्र संरक्षण घेतले आहे का, हे कागदपत्रांत पाहावे.

दुरुस्तीस देण्यापूर्वी

ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड यंत्राबरोबरच दुकानात जातात, याचे भान ठेवावे. दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून नेट बँकिंगचा व ईमेलचा पासवर्ड बदलावा. कोणत्याही कारणासाठी ओटीपी वा पिन सांगू नये. खात्यात अनोळखी व्यवहार आढळल्यास विनाविलंब शाखेस कळवावे व १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. कर्मचारी बांधवांनी कार्यालयीन लॅपटॉप बाहेरच्या दुकानात न देता माहिती तंत्रज्ञान विभागाच्याच स्वाधीन करावा.

आठवड्यातून एकदा हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि कप मेजाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तर यांपैकी बरीचशी धावपळ टळेल. यंत्र नवे घेता येते. वर्षभराच्या नोंदी मात्र पुन्हा लिहिणे कठीण असते.